नेमका कुठे फोकस करायचा? : ऑटोफोकस, मॅन्युअल आणि दांड्याचे चेहरे



खारदांड्यात येऊन फोटोग्राफीवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. कारण इथल्या लोकांना कॅमेऱ्याचा अनुभव कॅमेरावाल्यांपेक्षा जास्त आहे. नारळी पौर्णिमेला बंदरावर उभं राहून बघा. होड्या सजलेल्या, बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, अंगावर सोनं, आणि त्यांच्याभोवती लांब लांब लेन्सांचं कडं. नारळ समुद्रात पडायच्या आत शटर शंभरदा वाजलेलं असतं. त्यातले किती फोटो परत दांड्याला येतात, ते तुम्हालाच ठाऊक. तर या गावात बोलताना फोटो काढणाऱ्याइतकंच फोटोत येणाऱ्याच्या बाजूनेही बोलावं लागणार, हे आम्ही आधीच मान्य करतो.

आजचा विषय इथल्याच तरुण मुलांनी सुचवला. पोर्ट्रेटसाठी, म्हणजे व्यक्तिचित्रासाठी, ऑटोफोकस लेन्स घ्यावी की जुनी, हाताने फिरवायची मॅन्युअल? आता हा प्रश्न खरा फोर्टातल्या बोरा बझारच्या दुकानदाराला विचारायचा. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला कशाला? पण आम्ही लगेच हो म्हटलं. कारण या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे: समोरच्या माणसात नेमकं कुठे बघायचं, आणि ते ठरवणार कोण? तो काही दुकानात मिळत नाही.

थोडं गणित करू, कारण त्याशिवाय सगळं हवेत राहील. लेन्स कितीही महाग असो, ती एका वेळी एकाच अंतरावर खरी तीक्ष्ण असते. त्याच्या पुढेमागे थोडी जागा आपल्याला तीक्ष्ण वाटते, एवढंच. पोर्ट्रेटवाल्यांची लाडकी लेन्स म्हणजे ८५ मिलिमीटर. ती फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर एफ १.४ वर उघडी ठेवली आणि माणूस २ मीटरवर बसला, तर ही तीक्ष्ण जागा भरते सुमारे साडेचार सेंटिमीटर. म्हणजे एखाद्या चांगल्या ओल्या बोंबलाच्या रुंदीएवढी, फार तर. आणखी जवळ, सव्वा मीटरच्या आसपास गेलात तर दीड-पावणेदोन सेंटिमीटर. मान थोडी वळलेली असेल तर जवळच्या डोळ्याच्या पापण्या मोजता येतील आणि पलीकडचा डोळा धुक्यात. कान तर गेलाच. तीच लेन्स २ मीटरवरून एफ ५.६ ला लावा, मग जागा मिळते १८ सेंटिमीटरच्या घरात. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सगळं नीट.

नैयायिकांनी मनाबद्दल जवळपास हेच म्हणून ठेवलंय. मन अणुएवढं आहे, म्हणून ते एका क्षणी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं, आणि म्हणून एकाच वेळी दोन ज्ञानं होत नाहीत. आपल्याला वाटतं आपण सगळं एकदम पाहतो. प्रत्यक्षात मन भराभर उड्या मारत असतं. उघड्या ॲपर्चरची लेन्स ही अशी अणुमनाची लेन्स. तिला एकच जागा निवडावी लागते, आणि उरलेल्या माणसाला ती सोडून देते. निवड कुठली, इथेच भांडण आहे.

ही निवड यंत्राकडे कशी गेली ते थोडक्यात सांगतो. १९७७ साली कोनिकाने स्वतः फोकस करणारा छोटा कॅमेरा बाजारात आणला. १९८५ साली मिनोल्टाचा ७००० आला, लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात ऑटोफोकस खऱ्या अर्थाने रुळलं ते त्याच्यापासून. सुरुवातीला फोकसचा एकच बिंदू, तोही चौकटीच्या मधोमध. मग बिंदू वाढत गेले आणि नवी अडचण आली की यातला कुठला वापरायचा? १९९२ मध्ये कॅननने ईओएस ५ या कॅमेऱ्यात एक विलक्षण युक्ती केली. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या फोटोग्राफरचं बुबुळ कुठे वळलंय ते कॅमेरा वाचायचा आणि तिथला बिंदू निवडायचा. चष्मेवाल्यांशी त्याचं फारसं जमत नसे, ते सोडा. पण कल्पना बघा! यंत्र आपला डोळा पाहत होतं. तुम्ही जिथे बघाल तिथे मी बघेन, असं म्हणत होतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत हे उलटं झालं. आजचा मिररलेस कॅमेरा आपल्या डोळ्याची पर्वा करत नाही, तो समोरच्याचा डोळा शोधतो. चौकटीत चेहरा दिसला की डोळ्यावर एक छोटा चौकोन येऊन चिकटतो आणि माणूस हलला, वळला तरी सुटत नाही. (कॅननने २०२१ च्या ईओएस आर३ मध्ये ती जुनी बुबुळ वाचायची सोय परत आणली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.) हे तंत्र थक्क करणारं आहे, त्यात वाद नाही. आम्ही टीका करतोय ती त्याच्या आत गृहीत धरलेल्या एका सिद्धांतावर. तो सिद्धांत असा: माणूस म्हणजे चेहरा, चेहरा म्हणजे डोळा, आणि डोळा म्हणजे जवळचा डोळा.

हे कुणी ठरवलं? अभियंत्यांनी हवेतून आणलं नाही. फोटोग्राफीच्या शिकवणीत पिढ्यान्‌पिढ्या हेच घोकलं गेलं, ते त्यांनी यंत्रात भरलं. इतकं की डोळा तीक्ष्ण नसेल तर फोटो बाद. आमचं म्हणणं असं की हा एक संकेत आहे. त्याला नियम समजण्याचं कारण नाही. तुमच्याकडे पहाटे कोळंबी सोलत बसलेली बाई बघा. तिचे डोळे खाली, अर्धे मिटलेले. तिचं सगळं लक्ष, सगळं कसब, उभं आयुष्य म्हणा हवं तर, बोटांत आहे. जाळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाचंही तेच. तिथे यंत्र मात्र पापणी हुडकत बसतं. बोटं धूसर आणि पापणी तीक्ष्ण, हा फोटो चुकीचा नव्हे. पण तो त्या बाईचा फोटो आहे असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

एमान्युएल लेव्हिनास नावाचा फ्रेंच तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने ‘चेहरा’ या एका शब्दाभोवती आपलं सगळं नीतिशास्त्र उभं केलं. १९६१ सालचा त्याचा मोठा ग्रंथ आमच्या विद्यार्थ्यांना जड जायचा, पण पुढे एका मुलाखतीत त्याने एक साधी गोष्ट सांगितली. समोरच्याच्या डोळ्यांचा रंगसुद्धा तुमच्या ध्यानात आला नाही, तर ती खरी भेट, अशा आशयाची. नाक, डोळे, कपाळ असं न्याहाळायला लागलात की समोर माणूस उरत नाही, वस्तू उरते. फोटोग्राफर हे वाचून डोक्याला हात लावेल. त्याचा तर सगळा धंदाच न्याहाळण्याचा.

पण हे वाक्य आठवलं की आमच्या डोळ्यांपुढे येतो तो जगातला बहुधा सर्वांत गाजलेला पोर्ट्रेट फोटो. स्टीव्ह मॅकरीने १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत काढलेली अफगाण मुलगी. जून १९८५ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर ती आली. म्हणजे मिनोल्टाचं ऑटोफोकस बाजारात आलं त्याच वर्षी. हा फोटो मॅन्युअल लेन्सचा आहे: निकॉनचा एफएम२ कॅमेरा आणि १०५ मिलिमीटरची एफ २.५ निक्कॉर. मॅन्युअलचे भक्त हा फोटो देव्हाऱ्यात ठेवतात. बघा, म्हणतात, हाताने फोकस केलं की आत्मा कसा उतरतो!

आत्मा? तो फोटो कशासाठी ओळखला जातो? डोळ्यांच्या हिरव्या रंगासाठी. त्या मुलीचं नाव मात्र मुखपृष्ठ छापून सतरा वर्षं होईपर्यंत जगाला माहीत नव्हतं. २००२ मध्ये तिला पुन्हा शोधून काढलं तेव्हा कळलं, शरबत गुला. आणि तिला आठवत होतं ते काय, तर एका परक्या पुरुषाने आपला फोटो काढला याचा आलेला राग. आता तो फोटो परत पाहा. ती नजर ‘गूढ’ आहे, ‘थेट काळजाला भिडणारी’ आहे, असं पुष्कळ लिहिलं गेलं. ती रागाची नजर असू शकते हे फारच थोड्यांना सुचलं. फोटो थोर आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. पण हाताने रिंग फिरवली म्हणून माणसाशी नातं जुळतं, हा समज या एका फोटोने निकालात निघतो. लेन्स हाताची होती, फोकस डोळ्यावरच होता. आजच्या यंत्रानेही नेमका तिथेच चौकोन लावला असता.

तेव्हा आमचा पहिला निष्कर्ष मॅन्युअलवाल्यांना आवडणार नाही. जुन्या लेन्सला ‘सोल’ असतो वगैरे बोलणं बंद करावं. रशियन हेलिओस लेन्स लावून पार्श्वभूमीतल्या झाडांची भोवऱ्यासारखी नक्षी मिळते, त्यात मजा आहे. पण ती नक्षी झाडांची असते, माणसाची नसते.

मग मॅन्युअलचा उपयोग काय? उपयोग वेळेचा आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी भिंतीवर आजोबांचा किंवा पणजीचा हार घातलेला फोटो असेल. बऱ्याचदा तो स्टुडिओतला. मोठा लाकडी कॅमेरा, मागे दुधी काच, काचेवर माणूस उलटा, वर पाय खाली डोकं. फोटोग्राफर काळ्या कापडात शिरायचा आणि हळूहळू फोकस जुळवायचा. मग प्लेट चढवायची, आणि आता हलू नका. तोवर समोरचा माणूस काय करायचा? आधी अवघडायचा. मग कंटाळायचा. मग नाइलाजाने स्वतःकडे परत यायचा. वॉल्टर बेन्यामिनने १९३१ साली फोटोग्राफीच्या इतिहासावर लिहिताना हेच हेरलं होतं. जुन्या फोटोंत बराच वेळ स्थिर बसावं लागे, त्यामुळे माणसं त्या क्षणातून निसटण्याऐवजी त्यात मुरत जात, असं त्याचं म्हणणं. आजोबांच्या त्या फोटोत दोन्ही डोळे, मिशा, कोटाचं बटण, खुर्चीच्या हातावरचा हात, सगळं तीक्ष्ण असतं, कारण ॲपर्चर बारीक आणि वेळ भरपूर. धूसर काही नाही. माणूस आख्खा आहे. आणि घरातलं कुणी गेल्यावर मोबाइलमधला लग्नातला फोटो कापून, मोठा करून भिंतीवर लावतात, तेव्हा काय हरवलंय हे घरच्यांना शब्दांत सांगता येत नाही, पण कळतं. इतक्या हजारो फोटोंत एकही धड नाही, हे वाक्य आम्ही अलीकडे किती घरांत ऐकलं!

मराठी माणसाने पोर्ट्रेट म्हटलं की गौतम राजाध्यक्षांचं नाव घ्यायलाच हवं. १९५० चा जन्म, २०११ मध्ये गेले. झेवियर्समध्ये शिकवलं, जाहिरातीच्या क्षेत्रात नोकरी केली आणि मग चेहऱ्यांकडे वळले. १९९७ च्या ‘फेसेस’ या पुस्तकात दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंतची मंडळी आहेत. समीक्षक म्हणून सांगायचं तर या फोटोंत तीक्ष्णपणाला दुय्यम जागा आहे. तिथे चेहरा उजेडाने घडवलाय. कडा मऊ, सावली हलकी. बसलेली व्यक्ती स्वतःवर खूश असते. आपण जसे दिसावं असं वाटतं तसेच दिसतोय, या खात्रीची ती खुशी. ती खुशी दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर आणणं सोपं नाही, त्याला गप्पा लागतात, विश्वास लागतो. मर्यादाही तिथेच. या फोटोंत माणूस आपल्या सर्वोत्तम रूपात स्थिरावतो आणि त्याच्या हातांना काही काम नसतं.

दुसऱ्या टोकाला सुधारक ओलवे. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची त्यांनी काढलेली कृष्णधवल छायाचित्रं पाहा. त्यांत चेहरा आहे, पण तो चेहरा गटाराच्या भोकात, कचऱ्याच्या ढिगात, झाडूच्या मुठीमागे आहे. पार्श्वभूमी धूसर करून माणूस ‘सुंदर’ केला असता तर ते खोटं ठरलं असतं, कारण ती घाण ही पार्श्वभूमी नाही, त्या माणसाला रोज भेटणारी वस्तुस्थिती आहे. फोकसची निवड इथे थेट नैतिक होते. काय धूसर करायचं, म्हणजे कशाकडे दुर्लक्ष करायला प्रेक्षकाला परवानगी द्यायची.

आणि हे दांड्याला लागू आहे, बरं का. मोबाइलमधला पोर्ट्रेट मोड २०१६ च्या आयफोन ७ प्लसपासून लोकप्रिय झाला. त्यात लेन्स धूसर करत नाही. यंत्र माणसाची कड शोधतं, त्याला मागच्या दृश्यापासून वेगळं काढतं आणि मागे कृत्रिम धुकं पसरतं. कधी कानातलं अर्धं खातं, कधी गजऱ्याची कळी, कधी खांद्यावरच्या जाळ्याचे धागे. पण माणूस कापून वेगळा करायची हौस आजची नाही. याच मुंबईत विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या ‘जाती-जमातीं’च्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यात माणसांची चित्रं कापून भलत्याच पार्श्वभूमीवर बसवलेली आहेत. माणूस एकीकडचा, मागचं दृश्य दुसरीकडचं. त्यांना माणूस नको होता, नमुना हवा होता. सणाच्या दिवशी लांब लेन्सने, विचारल्याशिवाय, मागचं बंदर, मागच्या इमारती, मागचा कचरा सगळं लोण्यासारखं वितळवून ‘कोळीण’ म्हणून एक चेहरा उचलणारा आजचा हौशी माणूस जॉन्सनपासून किती लांब आहे? आम्हाला फार लांब वाटत नाही. आणि ऑटोफोकसने हे काम फारच सोपं केलंय. पूर्वी फोकस जुळवेपर्यंत निदान नजरानजर तरी व्हायची.

यंत्राच्या नजरेवर आणखी एक. २०१० च्या सुमाराला निकॉनचा एक छोटा कॅमेरा पूर्व आशियाई वंशाच्या हसऱ्या चेहऱ्यांना ‘कुणी डोळे मिटले का?’ असं विचारतो, अशी बातमी आली होती. आता तंत्र पुष्कळ सुधारलंय. पण उन्हाने किलकिले झालेले, सुरकुत्यांत गेलेले, जाड चष्म्यामागचे डोळे असतील तर चौकोन अजून मधूनच चष्म्याच्या काडीवर जाऊन बसतो. आणि आयुष्यभर समुद्रावर नजर लावलेल्या माणसाचे डोळे किलकिलेच असणार की!

असो. आता निवाडा, कारण मुलं मघापासून घड्याळ बघतायत.

माणूस कामात असेल तर ऑटोफोकस. बिनधास्त. होडी लागतेय, टोपल्या उतरतायत, लिलाव चाललाय. तिथे त्यांना थांबवून फोकसची रिंग फिरवत बसणं म्हणजे आपल्या हौसेसाठी त्यांचा धंदा अडवणं. पण दोन गोष्टी करा. डोळा शोधणारी सोय बंद ठेवा आणि बिंदू स्वतः निवडा. बोटांवर, सुरीवर, जिथे त्या माणसाचं लक्ष आहे तिथे. आणि ॲपर्चर एफ ४, ५.६ पर्यंत मिटा. मागचं बंदर दिसू द्या. ते तिचंच आहे.

मधल्या बिंदूने फोकस धरून मग कॅमेरा वळवायची जुनी सवय मात्र सोडा. ८५ एफ १.४ वर, २ मीटरवरून, कॅमेरा १५ अंश वळवला की तीक्ष्णतेची पातळी जवळजवळ ७ सेंटिमीटर मागे सरकते. आपली जागा होती साडेचारची. मग लोक लेन्सला दोष देत दुकानात जातात.

माणूस बसला असेल, त्याने होऊन तासभर दिला असेल, तर मॅन्युअल. कॅमेरा तिपाईवर, स्क्रीनवर चित्र मोठं करून सावकाश रिंग फिरवा, मग डोकं वर काढा आणि माणसाकडे बघत, बोलत बटण दाबा. हा फायदा कुणी सांगत नाही. फोकस एकदा बसला की मॅन्युअलमध्ये तुमचे डोळे मोकळे होतात. आमच्या वयाच्या मंडळींनी व्ह्यूफाइंडरशेजारची नंबर जुळवायची छोटी चकती आधी फिरवून घ्यावी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर नक्कीच.

ऑटोफोकस लेन्सच मॅन्युअलवर टाकून हे होईल का? होईल, पण हाताला समाधान नाही. नव्या लेन्सांची रिंग बऱ्याचदा आतल्या काचांशी जोडलेलीच नसते. ती फक्त मोटरला निरोप देते. जुन्या निक्कॉरची रिंग चांगली लांब फिरते, केसभर फरकही बोटाला कळतो. अशी जुनी लेन्स बोरा बझारमध्ये घेताना टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी. दांड्याच्या दमट, खाऱ्या हवेत ती जोमाने वाढते. चामड्याच्या केसमध्ये लेन्स अजिबात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि मधूनमधून वापर.

आणि ८५ साठी पैसे साठवणाऱ्यांना शेवटचं. माणूस पायापासून डोक्यापर्यंत चौकटीत घ्यायचा तर ८५ ला सव्वाचार मीटर मागे जावं लागतं. दांड्याच्या घरात एवढं मागे गेलात तर तुम्ही शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात. ५० मिलिमीटरला अडीच मीटर पुरतात, ती ऑटोफोकसमध्येही स्वस्त मिळते, आणि तेवढ्या अंतरावरून घरातली बाई तुम्हाला चहा विचारू शकते.

प्रश्न असतील तर घेऊया.